९९ टक्के पायलट संपाला हो म्हणाले, तरी संप का होत नाही? (आणि आमच्या डिसेंबरच्या तिकिटांचं काय?)

दिगू_डॅलस

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण विषय तिकिटांचा आहे त्यामुळे समजून घ्या.

परवा सासूबाईंना सोडायला एअरपोर्टला गेलो तर टर्मिनलच्या बाहेर फुटपाथवर पायलट लोकांची रांगच रांग, फुल युनिफॉर्ममध्ये, टोप्या बिप्या घालून, हातात बोर्ड घेऊन गोल गोल चालतायत. घोषणा नाही, आरडाओरडा नाही, आपल्याकडच्या मोर्चाच्या मानाने एकदम सपक. एकाला विचारलं की बाबा संप आहे का, तर तो हसून म्हणाला की नाही नाही, तुमची फ्लाइट वेळेवर आहे, आम्ही फक्त लोकांना माहिती देतोय. घरी येऊन बघतो तर बातमी की यांच्या ९९ टक्के पायलटांनी संपाच्या बाजूने मत दिलंय आणि बोलणी 'नॅशनल मीडिएशन बोर्डा'कडे आहेत. एअरलाइनचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आता गोची अशी की डिसेंबरात मेव्हण्याचं लग्न पुण्यात, चौघांची तिकिटं काढलीत, पहिला डोमेस्टिक टप्पा याच कंपनीचा आणि तो वेगळा काढलाय कारण स्वस्त पडला. बायको म्हणते आत्ताच बदल. बदलायला गेलो तर फरकाच्या पैशात लग्नाचा आहेर निघेल. जाणकारांनी प्रकाश टाकावा. संप होणार का? झाला तर किती आधी कळतं? आणि हे मीडिएशन बोर्ड नक्की करतं काय?

खिडकीवाली

वाचतेय. आमची पण जानेवारीची आहेत.

उजवी_सीट

दिगू, आधी शांत हो. मी या धंद्यात आहे, एका रीजनलला (छोट्या मार्गांवर उडणारी एअरलाइन) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. कुठे ते विचारू नका, आमच्याकडे पण बोलणी चालू आहेत आणि युनियनने तोंड सांभाळा म्हणून सांगितलंय. त्यामुळे जे जगजाहीर आहे तेवढंच लिहितो.

तू पाहिलंस ते इन्फर्मेशनल पिकेटिंग. ज्यांची त्या दिवशी ड्युटी नाही ते लोक स्वतःच्या वेळात येऊन चालतात, त्याने एकही फ्लाइट रद्द होत नाही. आणि ९९ टक्के म्हणजे 'उद्यापासून संप' असं नाहीच, 'कायद्याने परवानगी मिळाली तर आणि तेव्हा संप पुकारायचा अधिकार नेत्यांना दिला' एवढंच. डेल्टा एअरलाइन्समध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये ९९ टक्के, अमेरिकन एअरलाइन्समध्ये आणि साउथवेस्टमध्ये मे २०२३ मध्ये ९९ टक्के. संप? एकाही ठिकाणी नाही.

कारण हा सगळा कारभार चालतो रेल्वे लेबर अॅक्टवर. १९२६चा कायदा, रेल्वेसाठी केलेला, १९३६ मध्ये एअरलाइन्सना लावला. कायद्याचा हेतूच मुळी गाड्या थांबू नयेत हा. त्यामुळे आमचा करार कधी संपतच नाही. तारीख येते, तिला अमेंडेबल डेट म्हणतात, म्हणजे त्या दिवसापासून बदलायला मोकळा. पण नवा होईपर्यंत जुनाच चालू, जुना पगार, जुने नियम. याला स्टेटस को. आणि तो दोघांनाही बांधून ठेवतो, कंपनी नियम बदलू शकत नाही आणि आम्ही काम कमी करू शकत नाही.

मग दोघं आपापसात बोलतात, वर्ष दीड वर्ष. जमलं नाही की दोघांपैकी कोणीही बोर्डाकडे अर्ज करतो आणि मध्यस्थ येतो. बोर्ड म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले आणि सिनेटने मान्य केलेले ३ सदस्य, वॉशिंग्टनमध्ये बसतात, त्यांच्या हाताखाली पगारी मध्यस्थ. आता इथे खरी मेख आहे बघ. मध्यस्थाला निकाल द्यायचा अधिकार नाही. तो कोणाला एक डॉलर द्यायला लावू शकत नाही. पण बोलणी कधी संपली हे ठरवायचा अधिकार फक्त बोर्डाला, आणि त्याला मुदत नाही. महिना नाही, वर्ष नाही, काहीच नाही. बोर्डाला वाटलं की आता खरंच गाडं अडलंय तर ते लवाद सुचवतात, कोणीही एकाने नाही म्हटलं की 'रिलीज' करतात, म्हणजे मध्यस्थीतून मोकळं करतात, आणि तिथून ३० दिवसांचा कूलिंग ऑफ (डोकं थंड करायचा काळ) सुरू होतो. ते ३० दिवस संपले की मग संप करायला आम्ही मोकळे आणि टाळं लावायला कंपनी मोकळी.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की आज दुपारी जरी रिलीज झालं तरी संप महिन्याभराच्या आत होऊ शकत नाही. आणि रिलीज झालं तर ते बातम्यांत येणारच, लपत नाही. ते झालेलं नसेल तर ९९ काय नि १०० काय.

स्पष्टवक्ता

मला एक कळत नाही. मोठ्या कंपन्यांत वाइडबॉडीचे (लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांचे) कॅप्टन आता तासाला ४०० डॉलरच्या वर घेतात. यांनी बोर्ड घेऊन फुटपाथवर उभं राहायचं? आमच्या आयटीत लेऑफचा मेल आला की दुपारपर्यंत लॅपटॉप कुरियरने परत. युनियन नाही, मध्यस्थ नाही, कूलिंग ऑफ नाही, डायरेक्ट फ्रीझिंग. सहानुभूती शून्य.

खिडकीवाली

डायरेक्ट फ्रीझिंग 😂

उजवी_सीट

@स्पष्टवक्ता, ४०० चा आकडा खरा आहे, पण तो ज्येष्ठतेच्या शिडीच्या वरच्या टोकाचा, आणि 'तास' कुठला ते बघा. पगार ब्लॉक अवरवर असतो, साधारण दार बंद करून विमान गेटवरून हललं की घड्याळ चालू, पुढच्या गेटला लागलं की बंद. माझा परवाचा दिवस सांगतो. पहाटे ५ ला हॉटेलच्या लॉबीत, ५:४५ ला विमानात, बाहेर फेरी मारून टायर बघा, फ्लाइट प्लॅन, इंधन, डीआयसिंगची (विमानावरचा बर्फ काढायची) रांग. चार टप्पे उडलो, मधे एका ठिकाणी वादळामुळे गेटवरच अडीच तास. हॉटेलवर पोचलो संध्याकाळी ६ ला. तेरा तास घराबाहेर राबलो आणि ब्लॉक भरला ५ तास ४० मिनिटं. बाकी वेळाचा पर डायम, तासाला दोन-अडीच डॉलर, त्यात एअरपोर्टचं सँडविच पण येत नाही.

म्हणून करारात नुसता रेट महत्त्वाचा नसतो. 'रिग' म्हणून कलम असतं, म्हणजे इतके तास ड्युटीवर किंवा घराबाहेर ठेवलंत तर उडवा न उडवा, किमान इतका पगार द्यावाच लागेल. मग रिझर्व्हवाल्याला (ऐनवेळी लागला तर म्हणून तयार ठेवलेला पायलट) किती वेळात एअरपोर्टला बोलवायचं, सुट्टीच्या दिवशी जबरदस्तीने कामाला लावलं तर काय, कंपनीची कुठली विमानं स्वस्तातल्या दुसऱ्या कंपनीला उडवायला देता येतात (हा स्कोप, यावर सगळ्यात जास्त भांडणं). लोकांना बातमीत फक्त टक्के दिसतात. खोलीत मात्र तीन-तीन दिवस रिझर्व्हच्या एका परिच्छेदावर जातात.

आणि २००१ नंतरची दिवाळखोरीची वर्षं विसरू नका. कोर्टात जाऊन करार मोडले, पगार कापले, युनायटेड आणि डेल्टाच्या पायलटांची पेन्शन योजनाच गुंडाळली गेली. ज्यांनी पंचविशीत पेन्शनच्या भरवशावर नोकरी धरली त्यांना पन्नाशीत कळलं की ती नाही. २०२२-२३ ला हे लोक जे अडून बसले ना, त्याची मुळं तिथे आहेत.

पार्लेकर_काका

चांगला धागा. मी आयुष्यभर सहार एअरपोर्टवर कार्गोच्या बाजूला काढलं, त्यामुळे आपल्याकडचे दोन संप डोळ्यांनी पाहिलेत ते लिहितो.

पहिला २००९चा, जेट एअरवेजचा. पायलटांनी स्वतःची संघटना काढली, त्यातल्या दोघांना कामावरून काढलं, संघटनेमुळेच काढलं असं पायलटांचं म्हणणं. संपाची नोटीस दिली, मुंबईत लेबर कमिशनरकडे समेटाची बोलणी सुरू झाली, कोर्टाकडूनही संपाला मनाई आली. मग ८ सप्टेंबरला शेकडो पायलट एकदम 'आजारी' पडले. संप नाही हो, ताप आलाय! चार-पाच दिवस शेकडो फ्लाइट रद्द. मग समेट झाला, काढलेल्यांना परत घेतलं.

दुसरा २०१२चा, एअर इंडियाचा. तो पण आजारपणानेच सुरू झाला मे महिन्यात. भांडण पगारापेक्षा ड्रीमलायनरवर. इंडियन एअरलाइन्स विलीन झालेली, तिकडच्या पायलटांना नव्या विमानाचं ट्रेनिंग द्यायचं की नाही यावर इंडियन पायलट्स गिल्ड (एअर इंडियाच्या मूळ पायलटांची संघटना) अडून बसलं. दिल्ली हायकोर्टाने संप बेकायदा ठरवला, गिल्डची मान्यता गेली, शंभरावर पायलट बडतर्फ, लांब पल्ल्याच्या फ्लाइट धडाधड बंद. ५८ दिवस चाललं ते, ३ जुलैला मागे घेतलं. मे महिना, सुट्टीत नातवंडांना भेटायला निघालेली मंडळी, ट्रॉलीवर लोणच्याच्या बरण्या आणि लाडवाचे डबे घेऊन रात्र रात्र बसलेली. त्यातल्या एका आजोबांनी कंटाळून डबा उघडून आम्हा सगळ्यांना बेसनाचे लाडू वाटले होते.

तेव्हा मला प्रश्न पडायचा की आपल्याकडे पायलट सरळ संप का करत नाहीत, आजारीच का पडतात?

कायदेबाई

काका, त्याचं उत्तर कायद्यातच आहे (लेबर लॉमध्ये प्रॅक्टिस करते, पुणे).

२०२५ पर्यंत आपल्याकडे १९४७चा औद्योगिक विवाद कायदा होता. विमानसेवा ही त्यात सार्वजनिक उपयुक्तता सेवा. म्हणजे संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी, आणि नोटीस समेट अधिकाऱ्याच्या हातात पडली की समेटाची कारवाई आपोआप सुरू झाली असं धरतात. आता गंमत बघा, समेट चालू असताना आणि तो संपल्यावर आणखी ७ दिवस संप बेकायदा. म्हणजे नोटीस दिली की समेट सुरू, समेट सुरू की संप बंद! समेट फसला तर सरकार प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवू शकतं, तसं पाठवून मनाई केली की पुन्हा संप बंद. सरळ रस्त्याला इतकी फाटकं म्हटल्यावर लोक डॉक्टरचं सर्टिफिकेट काढणार नाहीत तर काय.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिने १४ दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना लावली. आणि पायलटांच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह टाकली तर तोही संपच, असं व्याख्येतच घालून टाकलं.

पण मला इथे अमेरिकेचं जास्त नवल वाटतंय. आपल्याकडे समेट अधिकाऱ्याला निदान १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो (पाळतात किती तो भाग वेगळा). यांच्याकडे मुदतच नाही म्हणजे भिजत घोंगडं कायद्यानेच मान्य केलेलं. उजवी सीट, तिकडे कोणी आजारी पडत नाही का?

उजवी_सीट

पडले होते ना. फेब्रुवारी १९९९, अमेरिकन एअरलाइन्स. कंपनीने रीनो एअर विकत घेतली त्यावरून भांडण, पायलट घाऊक सिक. कोर्टाने कामावर या सांगितलं, ते वेळेत आले नाहीत म्हणून न्यायाधीशांनी अवमान धरून युनियनला जवळजवळ ४ कोटी ५५ लाख डॉलर दंड लावला. तेव्हापासून आमच्या युनियनच्या प्रत्येक मेलच्या तळाशी जाड अक्षरात असतं की बाबांनो नेहमीसारखं काम करा, उगाच सिक कॉल नको, मुद्दाम हळू टॅक्सी करणं नको. ओव्हरटाइम ठरवून सगळ्यांनी नाकारला तरी कोर्ट ते स्टेटस को मोडणं धरू शकतं, २००१ मध्ये डेल्टाच्या बाबतीत तसा आदेश झालेला आहे.

निवांत_बसलेला

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो पण हा धागा तर अभ्यासाचा निघाला. भाबडा प्रश्न: मग संप कधी झालाच नाही का तिकडे?

स्पष्टवक्ता

झाला होता की. रेगनने ८१ साली ११ हजार लोकांना एका फटक्यात घरी बसवलं होतं. तेच करायला पाहिजे.

उजवी_सीट

@स्पष्टवक्ता, ते पायलट नव्हते, एअर ट्रॅफिक कंट्रोलर होते, थेट केंद्र सरकारचे नोकर. त्यांना संपाचा अधिकारच नव्हता. आमचा कायदा वेगळा.

@निवांत, झालेत. १९९८ ला नॉर्थवेस्टच्या पायलटांचा दोन आठवडे. २००१ ला कॉमएअरचा ८९ दिवस, सिनसिनाटीची रीजनल, डेल्टाच्या मालकीची. संपानंतर करार चांगला मिळाला, पण पुढे २०१२ ला कंपनीच बंद झाली, त्यामुळे आमच्या क्रू रूममध्ये कॉमएअरचं नाव निघालं की अर्धे म्हणतात बघा लढले आणि मिळवलं, अर्धे म्हणतात बघा काय झालं. माझं मत, संप आणि बंद पडणं याच्या मधे ११ वर्षं आहेत, ५० सीटची छोटी जेट महाग पडायला लागली ते त्याहून मोठं कारण. २०१० ला स्पिरिटचा जेमतेम ५ दिवस, आणि तेव्हापासून अमेरिकेत मोठ्या प्रवासी एअरलाइनच्या पायलटांचा संप झालेला नाही.

आणि सगळ्यात छोटा संप फेब्रुवारी १९९७, अमेरिकन एअरलाइन्स. मध्यरात्री मुदत संपली, संप पुकारला आणि काही मिनिटांत क्लिंटनने तो थांबवला. कायद्यात ती शेवटची चावी आहे. देशाच्या एखाद्या भागाची वाहतूक कोलमडणार असेल तर राष्ट्राध्यक्ष इमर्जन्सी बोर्ड नेमू शकतात, ते ३० दिवसांत अहवाल देणार, वर अजून ३० दिवस थांबायचं. तरी नाही जमलं तर काँग्रेस (म्हणजे इथली संसद) कायदा करून करार लादू शकते. ही चावी फिरवायचीच असं बंधन मात्र नाही. १९८९ ला ईस्टर्न एअरलाइन्सच्या वेळी मीडिएशन बोर्डाने शिफारस करूनही थोरल्या बुशने नेमलं नाही, मेकॅनिकांचा संप झाला, पायलट त्यांच्या पाठीशी बाहेर पडले, आणि १९९१ च्या जानेवारीत ईस्टर्न कायमची बसली.

मेपलसिरप

टोरांटोहून. आमच्याकडचा कायदा अगदी उलटा, सगळ्याला तारीख. समेटाला ६० दिवस, मग २१ दिवस कूलिंग ऑफ, मग ७२ तासांची नोटीस. २०२४ च्या सप्टेंबरात एअर कॅनडाच्या ५ हजारांवर पायलटांचं अगदी त्या २१ दिवसांच्या टोकाला आलं होतं. गणपती बसलेले, आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला पुण्याहून एक गायिका यायच्या होत्या, आम्ही आरतीत पण फोन बघतोय. १५ तारखेला पहाटे करार झाल्याची बातमी आली, अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी. पगारवाढ चार वर्षांत मिळून ४२ टक्क्यांच्या आसपास, आणि पायलटांनी ऑक्टोबरात ६७ टक्क्यांनी मान्य केला, म्हणजे ३३ टक्के तरीही नाही म्हणाले. त्यांचा आधीचा करार तब्बल १० वर्षांचा होता हे लक्षात घ्या, दहा वर्षांत तिकडे अमेरिकेत रेट कुठच्या कुठे गेले.

तारखा असल्याचा तोटा असा की बोलणी शेवटच्या रात्रीपर्यंत कोणी मनावरच घेत नाही. आणि वर सरकार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केबिन क्रूचा संप झाला, कारण तेच, जमिनीवरच्या कामाचा पगार नाही. मंत्रीणबाईंनी १२ तासांच्या आत कामगार कायद्याचं कलम १०७ लावून कामावर परत जा सांगितलं. क्रूने ऐकलंच नाही! तीन-चार दिवसांत कंपनी परत टेबलावर आली आणि करार झाला. त्यामुळे ज्या कंपनीला वाटतं की सरकार आपल्याला सोडवेल तिने ते दिवस आठवावेत.

दिगू_डॅलस

सगळ्यांचे आभार, बायकोला वाचून दाखवलं, ती अजून साशंक आहे. उजवी सीट, मला ते खोलीच्या आत काय चालतं ते सांग की. मुदत नाही, निकाल नाही, मग तो मध्यस्थ करतो काय, चहा पितो?

उजवी_सीट

मी कमिटीवर नाही, पण आमच्या बॅचचा एक जण आहे आणि रोड शोला (युनियन बेसवर येऊन समजावून सांगते त्याला रोड शो म्हणतात) बरंच कळतं.

महिन्यातून एखादा आठवडा तारखा मिळतात. कुठल्यातरी हॉटेलात दोन खोल्या, एकीत कंपनी, एकीत युनियन, मध्यस्थ या खोलीतून त्या खोलीत. समोरासमोर बसले तर एकमेकांच्या जुन्या ईमेल वाचून दाखवतात म्हणून वेगळं बसवतात. मध्यस्थ विचारतो, बरं, रिझर्व्हचं कलम तुम्हाला मिळालं तर रेटवर किती खाली याल? लेखी नको, फक्त समजा. याला सपोजल म्हणतात. प्रपोजल दिलं की ते कागदावर येतं, मागे घेतलं तर बोंब, म्हणून आधी समजा-समजा खेळतात. दोन्हीकडचे समजा फक्त त्याच्याच डोक्यात, त्यामुळे कुठे जमणार हे त्याला दोघांच्या आधी कळलेलं असतं.

आणि त्याचं खरं हत्यार कॅलेंडर. कंपनी अडून बसली तर पुढच्या तारखा जवळच्या, वर इशारा की असंच चाललं तर बोर्डाला रिलीजचा विचार करावा लागेल. युनियनने अवास्तव मागितलं तर 'तुम्ही थोडं घरी जाऊन विचार करा', तारखा तीन महिन्यांनी. कंपनीला उशीर मुळात परवडतो, कारण जुना पगार चालू आहे. आम्हाला उशीर म्हणजे दर महिन्याला नुकसान, शेवटी रेट्रो (मागच्या काळाचा फरक) म्हणून काही मिळतं पण पूर्ण भरून निघतंच असं नाही, आणि जो मधे ६५ चा होऊन रिटायर झाला त्याच्या वाट्याला नवा रेट येतच नाही.

साउथवेस्टचं बघा. अमेंडेबल डेट सप्टेंबर २०२०. मधे कोविड. २०२२ मध्ये बोर्डाकडे. डिसेंबर २०२२ च्या थंडीत त्यांचं क्रू शेड्युलिंग कोसळलं, १६ हजारांवर फ्लाइट रद्द, पायलट विमानतळावर बसलेत आणि कंपनीला पत्ता नाही कोण कुठे आहे. युनियन वर्षानुवर्षं सांगत होती की सॉफ्टवेअर आणि शेड्युलिंगचे नियम बदला, ते एका आठवड्यात जगाला दिसलं. मे २०२३ ला ९९ टक्के मतदान. जूनमध्ये रिलीज मागितलं, बोर्डाने सोडलं नाही, चर्चा चालू ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये टीए झाला (टेंटेटिव्ह अॅग्रीमेंट), जानेवारी २०२४ मध्ये ९३ टक्क्यांनी पास. लगेच २९ टक्क्यांच्या वर वाढ, पुढे दरवर्षी आणखी, ५ वर्षांत १२ अब्ज डॉलरचा करार. मोजा, अमेंडेबल डेटपासून सव्वातीन वर्षं, आणि त्यात एक मिनिट संप नाही.

पण टीए झाला म्हणजे संपलं असंही नाही. युनायटेडचा पहिला टीए नोव्हेंबर २०२२ मध्ये ९४ टक्क्यांनी फेटाळला, स्वतःच्याच युनियनने आणलेला! मधे डेल्टाने ३४ टक्क्यांचा करार केला, मार्च २०२३ ला पास, त्यात असंही कलम की अमेरिकन किंवा युनायटेडने जास्त दिलं तर आमचा रेट त्यांच्या १ टक्का वर. मग अमेरिकनला वाढवावं लागलं, आणि सप्टेंबर २०२३ ला युनायटेडने ४० टक्क्यांपर्यंतचा करार केला. फेटाळणाऱ्यांना थांबल्याचं फळ मिळालं. तेच फेडेक्सच्या पायलटांनी जुलै २०२३ मध्ये ५७ टक्क्यांनी टीए फेटाळला तर ते परत मध्यस्थीच्या रांगेत जाऊन बसले, कारण कार्गोची (मालवाहतुकीची) तेजी तोवर ओसरली होती.

कायदेबाई

म्हणजे मध्यस्थ चांगला की वाईट यापेक्षा बाजार कुठे आहे आणि घड्याळ कोणाच्या हातात आहे यावर सगळं. आमच्याकडे क्लायंट विचारतात की समेट अधिकारी 'आपला' आहे का. चुकीचा प्रश्न आहे, तारखा कशा पडतायत ते विचारा असं मी आता सांगत जाईन.

जाता जाता, इंडिगोचा २०२५ च्या डिसेंबरातला गोंधळ आठवा. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास आणि रात्रीची लँडिंग ६ वरून २, हे नियम. पायलट संघटनांनी कोर्टात जाऊन ते पदरात पाडून घेतले, आणि कंपनीचं मनुष्यबळाचं गणित चुकल्यावर हजारो फ्लाइट रद्द झाल्या, डीजीसीएने (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक) सवलत दिली. अमेरिकेत पण सरकारी ड्युटी नियम आहेत, पण त्याच्या वर करारात आणखी घट्ट कलमं असतात. आपल्याकडे दुसरा थर फार पातळ, सरकारने सवलत दिली की पायलटाच्या हातात काही उरत नाही.

स्पष्टवक्ता

ठीक आहे, तेरा तासाला पाच तास चाळीस मिनिटं हे मला माहीत नव्हतं. ४०० वाल्यांबद्दल माझं मत तेच आहे.

पार्लेकर_काका

असू दे. सगळ्यांचंच एकमत झालं तर मध्यस्थांच्या नोकऱ्या जातील.

मेपलसिरप

दिगू, आता तुझ्या तिकिटांचं. एक, दोन तिकिटं वेगवेगळी आहेत हाच तुझा खरा धोका, संप नव्हे. डोमेस्टिक टप्पा बर्फाने चुकला तरी पुढची आंतरराष्ट्रीय कंपनी हात वर करेल. दोन, फ्लाइट कंपनीने रद्द केली आणि तू पर्याय नाकारलास तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे पैसे परत मिळतात, व्हाउचरच घ्या अशी सक्ती नाही, पण परत मिळतात फक्त त्याच टप्प्याचे. तीन, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढणार असशील तर संप जाहीर व्हायच्या आत काढ, आणि पॉलिसीत संपाची व्याख्या वाच. घटना आधीच 'माहीत' होती म्हणून क्लेम नाकारतात, काही पॉलिसी तर संपाची शक्यता बातमीत आली त्या दिवसापासूनच माहीत धरतात. फोन करून विचार आणि उत्तर ईमेलवर माग.

उजवी_सीट

+१. आणि रोज बातम्या वाचत बसू नकोस. 'रिलीज' हा शब्द दिसला तरच कॅलेंडर काढ, त्यात ३० दिवस मिळव. तुझ्या फ्लाइटच्या ३० दिवस आधीपर्यंत रिलीज नसेल तर तुझ्या तारखेला संपाचा धोका नाही.

दिगू_डॅलस

डोमेस्टिक टप्पा एक दिवस आधीचा करून घेतला, फरक माणशी ३८ डॉलर, शिकागोला मावसभावाकडे मुक्काम. इन्शुरन्सवाल्यांना ईमेल टाकलाय. बायको म्हणाली हे तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

खिडकीवाली

इन्शुरन्सवाल्यांनी काय कळवलं ते इथे नक्की टाक, आमची पॉलिसी अजून काढायची आहे. आणि उजवी सीट, माझा भाचा बारामतीला फ्लाइंग शिकतोय, त्याला अमेरिकेत यायचंय, १५०० तास उड्डाणाची अट वगैरे ऐकलंय. त्याबद्दल वेगळा धागा काढू का?

उजवी_सीट

काढ. पण आधी त्याला विचार वर्क ऑथरायझेशनचं काय करणार आहे. तास कसेही भरतात, अडतं ते तिथे. मी तीन दिवसांच्या ट्रिपवर निघालोय, रविवारी येऊन लिहितो.